क्लिपेखालचा सांधा

ग्राइंडर थांबला आणि त्यापाठोपाठ जी शांतता पसरली ती बाईंना मुळीच आवडली नाही. कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाला शांततेच्याही जाती कळतात. चहाच्या वेळची शांतता वेगळी, वीज गेल्यावरची वेगळी आणि कोणाचे तरी बोट कापल्यावरची वेगळी. ही तिसऱ्या जातीची होती.

"किती बोटं उरली?" बाईंनी खुर्चीतूनच विचारले.

"दहाच्या दहा," जीपखालून नातीचा आवाज आला. "आजी, तू जरा इकडे येतेस?"

"मी खाली वाकले तर मला सरळ करायला क्रेन बोलवावी लागेल. जे काही असेल ते टेबलावर आण."

नात उत्तरली नाही आणि हे फारच विपरीत होते. चोवीस वर्षांची ही मुलगी बोलायला लागल्यापासून कधी गप्प राहिल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते. सदा गरगरत असे, म्हणून घरात आणि कारखान्यात सगळे तिला भिंगरी म्हणत. ती आणि म्हातारा फिटर असे दोघे मिळून मागच्या डाव्या चाकाचे पाटे उचलून आणू लागले, तेव्हा दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता. बाईंनी नकळत खुर्चीचे हात घट्ट धरले.

हा कारखाना पाट्यांसाठी नावाजलेला. पोलादाच्या लांब, किंचित वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचायच्या, मधोमध बोल्टाने आवळायच्या आणि दोन्ही अंगांना क्लिपा घालून बांधायच्या. गाडीचा सारा भार आणि रस्त्याचे सारे खड्डे त्या जुडीने निमूट सोसायचे. बाईंचे यजमान पाटे घडवत आणि बाई वेल्डिंग करत. बाईंचे वेल्डिंग हा त्या भागात कौतुकाचा विषय होता. शिवणकाम करणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेली ही लेक. टाका संपवताना सुई उलटी फिरवायची हे तिच्या बोटांत इतके मुरले होते, की पोलादाचा सांधा संपवतानाही तिचा हात किंचित मागे वळे आणि शेवटी एक बारीक आकडी उठे. लोक त्याला बाईंची शिवण म्हणत. इतर कारागिरांचे सांधे फिटर हातोडीने वाजवून तपासत असे. बाईंच्या टेबलावरून उतरलेल्या वस्तूवर मात्र हातोडी वाजत नसे. हा नियम कोणी लिहिला नव्हता, कोणी मोडलाही नव्हता.

दुसरा नियम तर लहान मुलालाही पाठ होता: पाट्याला वेल्डिंग नाही. तापवून जोडलेला पाटा वरून धडधाकट दिसतो आणि आतून काचेसारखा होतो. पाटा तुटला की तो मेला. त्याच्या जागी नवा घडवायचा.

आता ही जीप. सव्वीस वर्षांपूर्वी ती डोंगरातल्या एका वळणावर कलंडली होती. बाईंचे धाकटे दीर चालवत होते आणि मागच्या बाकावर, हत्यारांच्या पेटीशेजारी, यजमान बसले होते. दीर खरचटण्यावर निभावले. यजमानांचा उजवा हात बाकाशेजारच्या लोखंडी दांडीखाली सापडला आणि त्या हाताची बोटे पुन्हा कधी हातोडीभोवती मिटली नाहीत. दीर परोपरीने सांगत होते, "मी हळूच होतो वहिनी, गाडीच मागून सरकली." इस्पितळाच्या व्हरांड्यात बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, "गाड्या आपोआप सरकत नाहीत, भाऊजी. माणसं सरकवतात. माझ्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडू नका." त्यांनी तो ओलांडला नाही.

मोडकी जीप ओढून आणली गेली. यजमान घरी परतल्यावर त्यांनी तिच्यावर ताडपत्री घातली आणि बजावले, "हिला कोणी हात लावायचा नाही." बाईंना वाटले, माणूस आपले दुःख झाकतो आहे. त्यानंतर वीस वर्षे यजमान जगले. त्यांना जाऊनही आता सहा वर्षे झाली होती.

भिंगरीने ती जीप दोन वर्षे मागितली. शेवटी मिळाली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने आजीला धक्का दिला. मूळ घडणीत पाटे मागच्या आसाच्या खालून जात. तिला ते आसाच्या वर चढवायचे होते, म्हणजे गाडीचे अंग पाच इंच उचलले जाईल आणि दगडधोंड्यांत पोट घासणार नाही.

"तुझ्या आजोबांच्या गाडीला उंच टाचेच्या चपला घालणार म्हणतेस?"

"आजोबाच म्हणायचे ना, गाडी चालायला असते, झाकून ठेवायला नाही?"

"ते दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल म्हणायचे."

तरी बाईंनी परवानगी दिली, एका अटीवर. आसावर पाटे टेकण्यासाठी ज्या नव्या बैठका लागतील त्या बाईच जोडतील. दुसऱ्या कोणाची शिवण त्या गाडीला लागणार नाही.

आणि आज पाट्यांची ती जुडी बाईंच्या टेबलावर होती. पुढच्या अंगाची क्लिप भिंगरीने कापली होती, आणि सर्वांत वरचा, ज्याच्या टोकांना गाडीला अडकवायचे कान असतात तो मुख्य पाटा, क्लिपेखाली दोन तुकडे होऊन पडला होता. तुटल्या जागेभोवती ग्रीसमध्ये भिजवलेली कापडाची पट्टी गुंडाळलेली होती. भिंगरीने ती उलगडली.

"पडताना तुटलेला दिसतो," फिटर म्हणाला. पण त्याचा आवाज त्याच्याच बोलण्याला साथ देत नव्हता.

"पडताना कसला, काका? पडताना तुटला असता तर तोंड सगळीकडे सारखं दिसलं असतं. हे बघा, इथं पोत वेगळा आहे. वरून घासून सपाट केलंय, पण कडेला सांधा दिसतोय. आजी, कोणीतरी पाटा वेल्ड केला होता! आपल्या कारखान्यात! धाकटे आजोबा खरं बोलत होते. मुख्य पाटाच सुटला म्हटल्यावर आस तिरका झाला असणार, गाडी मागून सरकणारच. कुठल्या गाढवानं हे..."

"चष्मा दे," बाई म्हणाल्या.

चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. त्यांनी हाताने चाचपून पाहिले आणि हात खाली घेतला. ग्रीसने सव्वीस वर्षे गंज येऊ दिला नव्हता. पाट्याच्या कडेवर, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, सांध्याचा शेवट होता; आणि तिथे तो किंचित मागे वळला होता. आकडी. बारीक, नेटकी, जशी शाळेतल्या मुलीने वळणदार अक्षर काढावे तशी.

बाईंच्या कानांत एकदम शिट्टी वाजू लागली. समोर भिंगरीचे ओठ हलताना दिसत होते, पण त्यांतून शब्द येत नव्हते. आपण बसलो आहोत हे बरे, एवढाच एक विचार त्यांना स्पष्ट सुचला. आपलेच अक्षर दुसऱ्याच्या पत्रात सापडावे आणि ते पत्र आपण कधी लिहिले हे आठवू नये, तसे त्यांना झाले. आणि मग ते आठवले.

अपघाताच्या दिवशी सकाळी जीपचा मुख्य पाटा अंगणातच तुटला होता. अगदी तसाच नवा घडवायचा तर जुन्याची लांबी आणि बाक हवा. म्हणून यजमान दोन्ही तुकडे घेऊन आले होते: "नमुन्यापुरता जोडून दे गं." नमुन्यापुरता! आखून घ्यायचा आणि भंगारात टाकायचा. बाईंनी जोडला. पण पाच मिनिटांच्या नमुन्यालाही त्यांच्या हातून खडबडीत सुटण्याची मुभा नव्हती. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी घासून असा सपाट केला, की सांध्यावरून बोट फिरवले तर कळू नये. टाकाऊ वस्तूवर खडूची फुली मारायची हा रिवाज. फुली मारायला खडू उचलला आणि तेवढ्यात फाटकाशी कोणा गिऱ्हाइकाचा आवाज चढला. बाई खडू हातात घेऊनच त्याला सरळ करायला गेल्या. परत आल्या तेव्हा पाटा टेबलावर नव्हता. यजमानांनी नेला असणार, असे त्या समजल्या.

"फिटर," बाईंचा आवाज त्यांच्या स्वतःच्याही ओळखीचा नव्हता. "त्या दिवशी हा पाटा कोणी चढवला?"

"मीच की." फिटरने डोक्यावरची टोपी काढली. "डोंगरावर कोणाचा तरी ट्रक अडकला होता, मालकांना निघायची घाई. तुमच्या टेबलावर पाटा तयार दिसला, चढवला. मालकांनी विचारलं, बसवला का? मी म्हटलं, बसवला. त्यांना वाटलं असेल, घाईपुरता फळीवरचा जवळपासच्या मापाचा चढवला."

"तपासला नाहीस."

"तुमच्या टेबलावरचा होता, बाई," फिटर म्हणाला. त्यात आरोप नव्हता, हेच फार वाईट होते. मग त्याची नजर कडेवरच्या आकडीवर गेली. तोही चाळीस वर्षे तीच आकडी पाहत आलेला. त्याचे तोंड उघडेच राहिले आणि तो शेजारच्या उपड्या डब्यावर मटकन बसला.

"काय झालं? कोणी मला सांगेल का?" भिंगरी दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. "ते गाढव कोण ते कळलं का?"

"कळलं," बाई म्हणाल्या. "तुझ्या समोर खुर्चीत बसलंय."

भिंगरीच्या हातातून कापडाची पट्टी गळून पडली. मग बाईंनीच क्लिप मागवली. त्यांना सवयच होती, हातात वस्तू घेतल्याशिवाय विचार चालत नसे. क्लिपेचा बोल्ट त्यांनी उजेडाकडे धरला आणि दुसरा धक्का बसला. इतर सगळ्या क्लिपांचे बोल्ट बाहेरून आत घातलेले होते, गंजून एकजीव झालेले. हा एकच आतून बाहेर आलेला होता आणि त्याला ग्रीस होते. बाहेरून आत बोल्ट घालणे उजव्या हाताला सोपे. डाव्या हाताने, एकट्याने, गाडीखाली आडवे पडून घालायचा तर तो असाच, आतून जाणार.

कारखान्यात डाव्या हाताने काम करणारा एकच माणूस होऊन गेला होता, आणि तोही अपघातानंतर.

यजमानांना ठाऊक होते. इस्पितळातून परतल्यावर त्यांनी क्लिप उघडली, आकडी ओळखली, सांध्याला ग्रीसचे कापड गुंडाळले, क्लिप परत घातली आणि वर ताडपत्री ओढली. दुःख नव्हते ते. बायकोला झाकले होते त्यांनी. पाटा फेकून दिला नाही आणि दाखवलाही नाही. वीस वर्षे हा माणूस शेजारच्या पाटावर जेवला, डाव्या हाताने पेला उचलला, आणि एकदाही बोलला नाही. नाही, बोलला होता. तीनदा. "धाकट्याला बोलवायचं का गं?" तीनदा विचारले होते आणि तिन्ही वेळा बाईंनी एकच उत्तर दिले होते: "मी मेल्यावर बोलवा." ते हसून गप्प बसत. त्या हसण्यात काय होते, हे आज सहा वर्षे उशिरा कळत होते आणि ते सोसवत नव्हते.

"आजी, पाणी पी."

"पाणी नको. हा तुकडा स्वच्छ कापडात बांध. बोल्टही."

"कुठं जायचंय? मी येते."

"तू इथंच थांबायचंस. ही वाट माझी एकटीची आहे."

दिरांचे सायकल दुरुस्तीचे दुकान बसने तासाभराच्या अंतरावर होते. बाईंना पत्ता माहीत होता. न जाण्यासाठी का होईना, माणूस पत्ता माहीत करून ठेवतोच. लहानसे दुकान, छताला टांगलेल्या ट्यूबा, दाराशी पाण्याची घमेली. दीर चाकाचा आउट काढत बसले होते. चाक फिरवायचे, डोळा बारीक करायचा, एक आरा किंचित ताणायचा, पुन्हा फिरवायचे. केस पांढरे झाले होते, पण मान तिरकी करण्याची ढब तीच, थोरल्या भावाची.

त्यांनी वर पाहिले आणि फिरते चाक हाताने धरून थांबवले.

"कोण गेलं?" त्यांनी विचारले. बाई आपण होऊन दारात उभ्या राहायच्या, तर कोणीतरी गेल्याशिवाय नाही, असा त्यांचा हिशेब.

"कोणी नाही. बसू का?"

"तुम्ही कधीपासून विचारून बसायला लागलात?"

बाई बाकावर टेकल्या आणि गाठोडे सोडले. बोलायचे काय ते बसमध्ये जुळवून आणले होते, त्यातले एकही वाक्य जागेवर नव्हते. शेवटी त्यांनी तुकडा पुढे केला. "कडेला बघा."

दिरांनी पाहिले. या घरात वाढलेल्या माणसाला आकडी समजावून सांगावी लागत नाही. त्यांचा चेहरा पाहता पाहता रिकामा झाला, जशी भरली घागर कोणी उलटी करावी. आरे ताणायची किल्ली खाली पडली आणि गोल गोल फिरत बाईंच्या पायाशी येऊन थांबली.

"त्या दिवसाचा?"

"त्या दिवसाचा. नमुना होता. मी फुली मारायला विसरले. तुम्ही हळूच होतात, भाऊजी. गाडीच सरकली."

एक बाई सायकल घेऊन दारात आली. "हवा भराल का हो?" दीर उठले, दोन्ही चाकांत हवा भरली, व्हॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडा येत नाही ना ते पाहिले, आणि परत येऊन बसले.

"सव्वीस वर्षं झाली, मी स्टेअरिंगला हात लावलेला नाही," ते म्हणाले. "तुमच्या सांगण्यावरून नाही. तुमचा राग मी दोन वर्षांत पचवला असता. पण नंतर नंतर मलाच वाटायला लागलं, असेल, वेग असेल. आपल्यालाच आठवत नसेल. झोपेत ते वळण येतं माझ्या, वहिनी. दर वेळी मी आधीच ब्रेक मारतो. दर वेळी पडतो. आणि तुम्ही आता सांगताय की मी नव्हतोच?"

"तुम्ही नव्हतात."

"दादाला कळलं होतं?"

हा प्रश्न येणार हे बाईंना ठाऊक होते आणि इथे खोटे बोलायचे, असे बसमध्ये अर्ध्या वाटेपर्यंत ठरलेही होते. गेलेल्या माणसाला तरी सांभाळावे. पण त्यांनी मूठ उघडली आणि बोल्ट दिरांच्या तळव्यावर ठेवला. "क्लिपेचा आहे. आतून बाहेर घातलेला. तुम्ही गेल्यानंतर."

दिरांनी बोल्ट दोन बोटांत फिरवला. मग डाव्या हातात घेऊन हवेत घालून पाहिला, एकदा, दोनदा. मग तो बाकावर ठेवला.

"तुम्ही जा, वहिनी," ते म्हणाले.

"भाऊजी, मी माफी..."

"आज नका मागू. आज मागितलीत तर मी काहीतरी बोलेन. तुम्हाला ऐकायची सवय नाही आणि मला बोलायची. जा."

बाई गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी 'जा' म्हटल्यावर त्या गेल्या.

चार दिवस कारखान्यात जीपचे काम बंद राहिले. नव्या बैठका आसावर मापाने मांडून ठेवलेल्या होत्या, पण बाई वेल्डिंगचा मुखवटा हातात घेत नव्हत्या. भिंगरीने विनवले, चिडून पाहिले. "मग मी शहरातून कोणाला तरी आणते," अशी धमकीही दिली. "आण," बाई म्हणाल्या, आणि भिंगरीच हबकली.

पाचव्या दिवशी सकाळी फिटर धावत आला. त्याचे धावणे असे, की बघणाऱ्याला दम लागावा. "बाई! फाटकाशी..."

दीर घराच्या बाजूने आले नव्हते. कारखान्याच्या मोठ्या फाटकातून, सायकल हातात धरून आत शिरत होते.

"उंबरा ओलांडलेला नाही," त्यांनी मोठ्याने सांगितले. "फाटकाला उंबरा नसतो. कोणी बोलू नये म्हणून आधीच सांगतो."

भिंगरी पुढे झाली. "धाकटे आजोबा?"

"तू भिंगरी होय! नाकावर ग्रीस आहे. घराण्याचं चिन्ह आहे ते, पुसू नकोस." मग ते जीपभोवती फिरले. वाकून आस पाहिला. "पाटे वर घेतेस? मग आसाचं तोंड थोडं उचललंस का? नाहीतर मधला शाफ्ट तिरका बसेल आणि थरथर सुरू होईल."

"सहा अंश उचललंय."

"मोजून?"

"मोजून. दोनदा."

"बैठका कोण जोडणार?"

भिंगरीने आजीकडे पाहिले. बाई खांबापाशी उभ्या होत्या.

"जोडू देत त्यांनाच," दीर म्हणाले. बाईंकडे न पाहता म्हणाले. "पण मी तपासणार."

फिटरने श्वास आत ओढला. या कारखान्यात हे वाक्य कोणी उच्चारले नव्हते. बाई चालत आल्या, मुखवटा उचलला आणि बसल्या. दोन बैठका, चार शिवणी. प्रत्येक शिवणीच्या शेवटी हात आपोआप मागे वळला, आकडी उठलीच. ती काही केल्या जाणारी नव्हती.

पोलाद निवल्यावर दीर खाली सरकले. ब्रशने शिवणींवर रॉकेल फासले, थांबले, कोरडे पुसले आणि वरून खडू चोळला. पांढरेशुभ्र. चीर असती तर आत मुरलेले रॉकेल खडूतून काळी रेघ होऊन वर आले असते. सगळे थांबले. भिंगरीने नखे खायला घेतली. बाईंनी मात्र त्या पांढऱ्या पट्ट्यावरून नजर काढली नाही. सव्वीस वर्षांपूर्वी जो खडू वापरायचा राहिला होता, तो आता त्यांच्याच कामावर फिरत होता, आणि तो तसा फिरावा असे त्यांना मनापासून वाटत होते.

पाव तास झाला. रेघ आली नाही.

"ठीक आहे," दीर म्हणाले. तेवढेच.

दोन दिवसांत नवे पाटे आसाच्या वर बसले आणि जीप खरोखरच अंग झाडून उभी राहिल्यासारखी दिसू लागली. दीर रोज बसच्या टपावर सायकल टाकून येत. चहा कारखान्यातच घेत. बाईंशी कामापुरते बोलत. तिसऱ्या दिवशी भिंगरीने हात झटकले. "झालं! निघायचं?"

"जॅक लाव," दीर म्हणाले. "अंग उचल, चाकं लोंबकळू देत."

तिने उचलले. आस स्वतःच्या वजनाने खाली उतरला, आणि ब्रेकचा रबरी पाइप तारेसारखा ताठ झाला. अजून बोटभर खाली गेला असता तर टोकाशी उपटून आला असता.

भिंगरी पांढरीफटक पडली. "मी मोजला होता... गाडी उभी असताना मोजला होता."

"गाडी उभी राहायला असते का? गाडी पाच इंच वर गेली, पाइप जुन्याच मापाचा राहिला. पहिल्या मोठ्या खड्ड्यात मागचे ब्रेक गेले असते." त्यांनी तिच्या डोक्यावर टप्पल मारली. "रडू नकोस. म्हणून तर दुसऱ्यानं बघायचं असतं."

हे ते भिंगरीला म्हणाले, पण खांबापाशी उभ्या असलेल्या बाईंनी ते आपल्या नावाने घेतले आणि नीट ठेवून दिले.

लांब पाइप बसवला, ब्रेकमधली हवा काढली, पुन्हा तपासले. कारखान्यामागे खडीचा जुना उतार होता, स्वतःच्याच जागेतला. भिंगरीने किल्ली दिरांपुढे धरली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. शर्टाला हात पुसले, पुन्हा पुसले, मग घेतली आणि स्टेअरिंगमागे चढून बसले. दोन्ही हात त्यांनी चाकावर ठेवले. जसे कोणी बऱ्याच वर्षांनी परतलेल्या जनावराच्या मानेवर ठेवावेत.

बाई पुढच्या दाराकडे निघाल्या. मालकिणीची जागा पुढे. यात विचार करण्यासारखे काही नव्हते.

"वहिनी," दीर समोर पाहत म्हणाले, "पुढं नाही. मागं बसा."

फिटरची टोपी पुन्हा हातात आली. भिंगरी काही बोलणार होती, पण बाईंनी हात वर केला. मागचा बाक. हत्यारांच्या पेटीशेजारची जागा. यजमान बसले होते ती.

"बसते," बाई म्हणाल्या.

पण गाडी आता पाच इंच उंच झाली होती आणि बाईंचे गुडघे पंचाहत्तरीला आले होते. पाय पोचेना.

"क्रेन बोलवू का, आजी?" भिंगरीच्या तोंडून निसटलेच.

"आधी तो डबा आण, मग जीभ चालव."

उपड्या डब्यावर पाय ठेवून, फिटरच्या खांद्याचा आधार घेऊन, बाई मागे चढल्या आणि बाकावर बसल्या. त्यांच्या वजनाने नवे पाटे किंचित दबले आणि सावरले. शेजारी ती दांडी होती. सरळ करून घेतलेली, तरी जिथे वाकली होती तिथला पीळ हाताला लागत होता.

इंजिन सुरू झाले. समोर दिरांचा डावा पाय क्लचवर थडथडत होता. मागून तो स्पष्ट दिसत होता. काय करायचे ते बाईंना नेमके माहीत होते. पाय सावकाश सोडा, पहिला गिअर, डावीकडे दगड आहे. सगळे ओठांवर आले. त्यांनी ते गिळले.

"धरून बसा, वहिनी."

बाईंनी दोन्ही हातांनी दांडी धरली, अगदी तिथेच, पिळावर. जीप हलली आणि उताराला लागली.